गच्चीवर सोलर, खाली बॅटरी नाही: मग रात्री वीज येते कुठून?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सोलरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. "सेक्रेटरी साहेब, लाइट गेली तर लिफ्ट चालेल ना?" कोटेशनमध्ये बॅटरी धरलेली नसेल तर खरं उत्तर एकच, नाही चालणार. भर दुपारी, गच्चीवर पाय भाजतील इतकं ऊन असतानाही नाही चालणार. हे कळल्यावर निम्मी सभा म्हणते, मग एवढे पैसे घालायचे कशाला?

प्रश्न रास्त आहे. गोंधळ होतो तो दोन गरजा एकात मिसळल्यामुळे. विजेचं बिल कमी करणं ही एक गरज, आणि लाइट गेल्यावर घर चालू ठेवणं ही दुसरी. बॅटरीविना सोलर पहिलं काम चोख करतो आणि दुसरं अजिबात करत नाही. माझं मत विचाराल तर ठाणे-नवी मुंबईच्या शहरी भागात सोलरला पहिल्याच कामाला लावावं आणि दुसऱ्या कामाची सोय वेगळी, छोटी आणि स्वस्तात करावी. दोन्हीचा एकत्र घाट घातला की खर्च फुगतो आणि धड एकही काम मनासारखं होत नाही.

पॅनेलपासून मीटरपर्यंत

पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की वीज तयार होते. प्रकाशातून वीज निघते हे फ्रान्सच्या एदमों बेकेरेल यांनी १८३९ मध्ये टिपलं; कामाला येईल असा सिलिकॉनचा सेल अमेरिकेतल्या बेल लॅब्जने १९५४ मध्ये दाखवला. त्यात उन्हाच्या सुमारे सहा टक्के ऊर्जेची वीज होत होती. आज बाजारातलं चांगलं पॅनेल वीस-बावीस टक्क्यांपर्यंत जातं. साडेपाचशे वॉटच्या आसपासची सहा पॅनेलं म्हणजे तीन किलोवॅटचा प्रकल्प, आणि त्याला चालायला-धुवायला जागा धरून गच्चीवर साधारण तीनशे चौरस फूट लागतात.

ही वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. घरातला पंखा, फ्रिज, मिक्सर चालतात एसी विजेवर, जी सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावते. मधला बदल करतो तो इन्व्हर्टर. पण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, पाणी घालावं लागणाऱ्या बॅटरीसोबत जो डबा असतो, तो हा नव्हे. सोलरचा ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर भिंतीवर टांगलेला असतो, त्याला बॅटरी नसते, आणि त्याचा स्वभावही पूर्ण वेगळा आहे.

हा इन्व्हर्टर स्वतःहून ठेका धरत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ताशावाला जो ठेका देतो त्यावर ढोलवाले वाजवतात. ताशा थांबला की ढोल थांबतात. इथे ताशा म्हणजे महावितरणची लाइन. तिचं २३० व्होल्टचं, ५० हर्ट्झचं हेलकावणं इन्व्हर्टर सतत ऐकत असतो आणि त्याच लयीत आपली वीज मिसळतो. लय ऐकू आली नाही, किंवा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, की तो दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो. लाइट परत आल्यावरही लगेच उडी मारत नाही. आधी थोडा वेळ लाइनचा अंदाज घेतो. छोट्या पडद्यावर आकडे उलटे मोजले जाताना दिसतात, मग आत एक रिले 'टक्' वाजतो आणि हिरवा दिवा लागतो.

बंद होण्याचं कारण इन्व्हर्टरची कुवत कमी, हे नाही. कारण आहे खांबावर चढलेला माणूस. समजा डीपीमध्ये बिघाड झाला, लाइनमनने, महावितरणच्या भाषेत जनमित्राने, वरून पुरवठा तोडला आणि तो तारेला हात घालायला गेला. त्याच वेळी खालच्या वीस घरांचे सोलर गल्लीत वीज ढकलत असतील तर? ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. घरांकडून आलेली वीज उलट दिशेने त्यात शिरली तर पलीकडे अकरा किंवा बावीस हजार व्होल्ट उभे राहतात. बंद केलेली तार जिवंत होते. म्हणून ग्रिडला जोडलेल्या प्रत्येक इन्व्हर्टरला हे आपोआप बंद होणं सक्तीचं आहे. कोणी ओळखीचा वायरमन "काका, तेवढं सेटिंग बदलून देतो, लाइट गेली तरी चालेल" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार अनेकांना आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एका फटक्यात गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा आणि पडघा यांच्यामधल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड होऊन हे सगळं कोसळलं होतं. त्या दिवशी या शहरांतल्या गच्च्यांवरचे बॅटरीविना सोलर दिवसाढवळ्या गप्प झाले. तसं होणंच योग्य होतं. पण असे दिवस वर्षात किती, हा हिशेब बॅटरी घेण्याआधी करायला हवा.

तुमची वीज जाते शेजाऱ्याकडे

आता रात्रीचं. दिवसा अकरा-साडेअकराला तीन किलोवॅटचा सोलर दोन-सव्वादोन किलोवॅट देत असतो. घरात त्या वेळी माणसं कामावर, मुलं शाळेत. चालू काय, तर फ्रिज आणि राउटर. उरलेली वीज मीटरमधून बाहेर पडते. ती कळव्याच्या सबस्टेशनपर्यंत जात वगैरे नाही. वीज जवळचा ग्राहक शोधते, त्यामुळे बहुधा भिंतीपलीकडच्या घरातल्या मिक्सरमध्ये किंवा समोरच्या दवाखान्याच्या एसीमध्ये ती खर्च होते. रात्री तुम्ही जी वीज घेता ती अर्थातच ही नसते. ती कुठल्या तरी औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातून येते. साठवलं जातं ते फक्त खात्यावर.

हे खातं ठेवतं नेट मीटर. साधा मीटर एकच आकडा मोजतो. नेट मीटर दोन मोजतो, ग्रिडमधून घेतलेली युनिट आणि ग्रिडला दिलेली युनिट. पडद्यावर दोन्ही आकडे आळीपाळीने फिरत असतात. महिन्याच्या शेवटी एकातून दुसरा वजा होतो. महाराष्ट्रात याचे नियम वीज नियामक आयोगाने आधी २०१५ मध्ये आणि मग २०१९ मध्ये काढले.

नेरूळच्या एका काल्पनिक रो-हाऊसचा हिशेब करू. तीन किलोवॅटचा सोलर आहे. एप्रिलमध्ये तो ३८० युनिट तयार करतो. त्यातली १२० दिवसा घरातच वापरली गेली, २६० बाहेर गेली. घराचा एकूण वापर ३७०, म्हणजे संध्याकाळ-रात्र मिळून २५० युनिट ग्रिडमधून आली. दिली २६०, घेतली २५०. त्या महिन्यात वापराचं बिल शून्य आणि दहा युनिट पुढच्या महिन्यात जमा. जुलैत आभाळ भरलेलं. तयार झाली २०० युनिट, घरात वापरली ९०, बाहेर ११०. वापर ३३०, म्हणून ग्रिडमधून घेतली २४०. वजावट करून बिल १३० युनिटचं, मागची जमा असेल तर तीही वळती.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. सोलरने घरातच वापरलेली ती ९० किंवा १२० युनिट बिलावर कुठेच दिसत नाहीत, कारण ती मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. बरेच जण बिलावरचा निर्यातीचा आकडा बघून म्हणतात, "आपला सोलर कमी चालतोय." खरं उत्पादन बघायचं तर इन्व्हर्टरच्या पडद्यावर, त्याच्या ॲपवर किंवा वेगळा जनरेशन मीटर असेल तर त्यावर.

शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण ३१ मार्चला खातं बंद होतं. तेव्हा उरलेली युनिट वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर आपण वरच्या टप्प्यात मोजतो त्याच्यापेक्षा बराच कमी असतो. कोकणपट्टीच्या हवामानाला हे एप्रिल ते मार्चचं वर्ष मात्र सोयीचं पडतं. एप्रिल-मेच्या कडक उन्हातली शिल्लक पावसाळ्यात खाता येते. पंचाईत होते ती फेब्रुवारी-मार्चच्या शिल्लकीची, कारण तिला खर्च व्हायला महिने उरत नाहीत.

म्हणूनच मोठ्यात मोठा सोलर बसवण्याचा मोह टाळावा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: पहिली १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. जसं वर जाल तसा युनिटचा भाव चढतो. सोलर वजावट करतो तेव्हा आधी सगळ्यात महाग, वरच्या टप्प्यातली युनिट गळतात. वरच्या उदाहरणात जुलैच्या ३३० युनिटमध्ये तीस युनिट तिसऱ्या टप्प्याच्या भावाने लागली असती. सोलरनंतर उरलेल्या १३० पैकी शंभर तर सगळ्यात स्वस्त टप्प्यातली आहेत. पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त पैसे वाचवतो, शेवटचा सगळ्यात कमी.

केंद्राचं अनुदानही याच दिशेने उतरतं. पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात. त्याच्या वर कितीही बसवा, आकडा ७८,००० वरच थांबतो. अनुदान हवं तर पॅनेलं भारतात बनलेल्या सेलची असावी लागतात, ती जराशी महाग पडतात. महिन्याला अडीचशे युनिट लागणाऱ्या घराने चार किलोवॅटचं कोटेशन आणलं, तर विकणाऱ्याने कोणाचा फायदा बघितला हे उघड आहे.

आणि "मोफत वीज" या नावाने हुरळून जाऊ नका. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार येतोच, आणि त्यावरचं वीज शुल्कही.

बॅटरीचं गणित

बाजारात सर्रास मिळणारी ट्युब्युलर बॅटरी १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची. दोन्हींचा गुणाकार १८०० वॉट-अवर, म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण शिसे-आम्लाची बॅटरी तळापर्यंत ओढली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची. हाती आलं जेमतेम एक युनिट. वरच्या रो-हाऊसला रात्री ग्रिडमधून रोज आठ युनिट लागत होती. ती साठवायला अशा आठ-नऊ बॅटऱ्या लागतील, त्यांना हवेशीर खोली लागेल, पाणी बघत राहावं लागेल आणि चार-पाच वर्षांनी सगळा संच बदलावा लागेल. भरताना आणि काढताना पाचेक हिश्शांतला एक हिस्सा उष्णतेत जातो तो वेगळाच. पॅनेलं मात्र पंचवीस वर्षांच्या हमीची. एका पॅनेलच्या आयुष्यात बॅटरीच्या पाच पिढ्या होतात.

लिथियमच्या बॅटऱ्या बऱ्याच बऱ्या आहेत. खोलवर वापरता येतात, जास्त टिकतात, वाया कमी घालवतात. तरी जोवर नेट मीटर तुमची दुपारची युनिट रात्री जशीच्या तशी परत देतो, तोवर बिल वाचवण्यासाठी घरात बॅटरी ठेवणं म्हणजे फुकट मिळणाऱ्या सेवेसाठी पैसे मोजणं.

अर्थात ग्रिडला हे फुकट पडत नाही. राज्यात सौरवीज वाढली तशी दुपारी वीज भरपूर आणि संध्याकाळी सातला ओढाताण, अशी स्थिती येऊ लागली आहे. स्मार्ट टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली हे मोजणारा मीटर, असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली ती यातूनच. संध्याकाळची ओढ भागवायला कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं कामी येतात. आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर घाटघरचा उदंचन प्रकल्प आहे, २५० मेगावॅटचा: वर अकोले तालुक्यातला जलाशय, खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याचा. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, कमी पडली की तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. शेकडो घरांनी आपापल्या खोलीत बॅटऱ्या मांडण्यापेक्षा साठवणुकीचं काम अशा ठिकाणी झालेलं बरं. उद्या युनिटला युनिट वळती करण्याचा नियम बदलला तर घरातल्या बॅटरीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. तोवर थांबायला हरकत नाही, बॅटरी नंतरही जोडता येते.

मग लाइट गेली तर? घरात आधीचा बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर तो आहे तसा राहू द्या. दोन पंखे, चार दिवे, राउटर, एवढ्यावर तो दोन-तीन तास काढतो, आणि शहरात बहुतेक वेळा तेवढंच लागतं. फक्त एक पथ्य: सोलरची जोडणी मीटरकडच्या बाजूला हवी. बॅटरीवाल्या इन्व्हर्टरच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर ती कधीही नको. तशी जोडली तर लाइट गेल्यावर सोलरला तो बॅटरीवाला ठेकाच खरा वाटतो, तो वीज ढकलायला लागतो आणि जास्तीची वीज उलटी त्या डब्यात शिरून त्याची वाट लागते.

हीच गोष्ट सोसायटीच्या जनरेटरची, फक्त नुकसान लाखांतलं. जनरेटर सुरू झाला की गच्चीवरच्या सोलरला वाटतं लाइट आली. लिफ्ट उभी, पंप बंद, वापर नगण्य, आणि पन्नास किलोवॅटचा सोलर जनरेटरमध्ये उलटी वीज ढकलतोय. म्हणून जनरेटर चालू असताना सोलर तोडणारं इंटरलॉक किंवा त्याला आवर घालणारा कंट्रोलर कोटेशनमध्ये आहे का, हे बघितल्याशिवाय कमिटीने सही करू नये. गंमत म्हणजे बहुतेक कोटेशनमध्ये पॅनेलच्या ब्रँडवर अर्धं पान असतं आणि यावर ओळही नसते.

हायब्रिड इन्व्हर्टर हा मधला मार्ग. तो ग्रिडलाही जोडलेला असतो आणि लाइट गेली की घराची ठरावीक लाइन गल्लीपासून तोडून, छोट्या बॅटरीच्या आधाराने स्वतः ठेका धरतो. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो, किंवा घर शहापूर-मुरबाडकडे आहे जिथे पावसाळ्यात वीज रात्रभर जाऊ शकते, अशांनी तो जरूर बघावा. बॅटरीशिवाय ऊन असेपर्यंत थोडी वीज देणारे काही इन्व्हर्टरही निघाले आहेत, पण ढग आला की ते डगमगतात. मोबाइल चार्ज करायला ठीक.

बॅटरीही नाही आणि ग्रिडही नाही, असा सोलर पाहायचा तर शेतावर जा. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतले पंप थेट पॅनेलवर चालतात. ऊन चढलं की मोटर जोरात, ढग आला की हळू. पिकाला पाणी अकराला मिळालं की बाराला, फरक पडत नाही, आणि टाकी भरून ठेवली की साठवणूकही झाली. जे काम वेळ सांभाळून घेतं त्याला बॅटरी लागत नाही.

यावरून लोक घरातही वॉशिंग मशीन, गीझर, इस्त्री सगळं दुपारी लावायला धावतात. नेट मीटर असेल आणि युनिटला युनिट वळतं होत असेल तर बिलावर याचा फारसा परिणाम नाही. दुपारी वापरा की रात्री, वजाबाकी तीच. नेट मीटर नसेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी, आणि धोक्याची. कित्येक साधे इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कुठल्या दिशेने गेली हे पाहत नाहीत, गेली एवढंच मोजतात. म्हणजे तुम्ही ग्रिडला दिलेली युनिटही तुमच्या वापरात धरली जातात. सोलर बसला, नेट मीटर यायला वेळ आहे, आणि बसवणाऱ्याने "चालू करून टाकू" म्हणून खटका वर केला, तर बिल कमी होण्याऐवजी वाढू शकतं. मीटर बदलेपर्यंत खटका खालीच ठेवा.

आपल्याकडचं ऊन, आपल्याकडच्या सावल्या

एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. ही वर्षाची सरासरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आकडा निम्म्यावर येतो. मे महिन्यात सगळ्यात जास्त मिळेल असं वाटतं, पण पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. काचेखालचा सेल साठ अंशांच्या वर तापतो, आणि पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारी दहा-बारा टक्के असेच जातात. पॅनेलखालून वारा खेळता राहिला तर थोडं सावरतं. ठाण्यात गच्च्यांवर गळतीसाठी ज्या पत्र्याच्या शेड टाकल्या आहेत, त्यांच्यावर पॅनेल चिकटवून बसवताना ही फट ठेवायला बरेच जण विसरतात.

ठाणं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून पंधरा-वीस अंश कललेली ठेवायची. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, पण तो आपला पाहुणा थोड्या दिवसांचा. बाकी बहुतेक वर्ष तो दक्षिणेला झुकलेला असतो. कोणत्या वस्तीत कोणतं ऊन कमी पडेल हे डोंगर ठरवतात. वसंत विहार, उपवनकडे पश्चिमेला येऊरचे डोंगर, म्हणून संध्याकाळचं ऊन लवकर जातं. ऐरोली, घणसोलीला पूर्वेला पारसिकची रांग, म्हणून सकाळ उशिरा उजाडते. हे नुकसान किरकोळ आहे, कारण खरं उत्पादन नऊ ते चारमध्ये होतं. खरी भीती शेजारच्या टॉवरची. घोडबंदर रोडला आज मोकळी दिसणारी दक्षिण बाजू उद्याही मोकळी राहील याची खात्री कोणी देत नाही. बाजूच्या प्लॉटवर काय मंजूर झालंय हे आधी विचारून घ्या.

सावली लहान असली तरी त्रास मोठा देते. पॅनेलं एकामागोमाग एक साखळीत जोडलेली असतात, त्यामुळे एका सेलचा प्रवाह अडला की साखळीच मंदावते. प्रत्येक पॅनेलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात. ते सावलीतला भाग बाजूला टाकून बाकीचा चालू ठेवतात. तरी पाण्याच्या टाकीची, डिशची किंवा वाळत घातलेल्या चादरीची पट्टी रोज त्याच वेळी पडत असेल तर तेवढं पॅनेल तिथे बसवलं काय आणि न बसवलं काय. जागा बघायला येणारा माणूस दुपारी बाराला येऊन "एकदम ओके" म्हणाला तर त्याला डिसेंबरमधल्या सकाळी नऊची सावली कुठे पडते ते विचारा.

कबुतरं हा आमच्या शहरांचा कायमचा हिस्सा. पॅनेलखालची उबदार जागा त्यांना आवडते, आणि विष्ठेचा वाळलेला ठिपका धुळीपेक्षा वाईट, कारण तो पावसानेही लवकर निघत नाही. कडेने जाळी लावून घ्या. धुणं सकाळी लवकर करा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी ढाचा गॅल्व्हनाइज्ड हवा, नटबोल्ट स्टेनलेसचे. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवून ढाच्याच्या वाऱ्याच्या हिशेबावर इंजिनिअरची सही मागा.

धुताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. लाइट गेली, इन्व्हर्टर बंद झाला, तरी उन्हात पॅनेलं बंद होत नाहीत. सहा पॅनेलांच्या साखळीत तारांवर सुमारे तीनशे व्होल्ट डीसी उभे असतात. उघड्या कनेक्टरला ओल्या हाताने शिवू नका.

अर्ज आणि पहिलं बिल

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर होतो. केंद्राच्या २०२४ मधल्या सुधारित नियमांनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, तो मान्य धरला जातो. ठाणे शहर आणि नवी मुंबईत वीज महावितरणची. कळवा, मुंब्रा, शिळमध्ये २०२० पासून फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर काम पाहते. फ्लॅटधारकांची गच्ची सोसायटीच्या मालकीची, म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि सहसा सोलर जोडला जातो सामाईक मीटरला, ज्यावर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे चालतात. त्यासाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपयांचं वेगळं अनुदान आहे.

नेट मीटर लागल्या दिवशी दोन्ही आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आयात आणि निर्यात. पहिलं बिल आलं की त्यावरचे रीडिंग त्या फोटोशी ताडून पाहा. निर्यातीचा रकाना कोरा किंवा शून्य असेल तर बिल दुरुस्तीचा अर्ज त्याच महिन्यात द्या. इन्व्हर्टर दुपारीच वारंवार बंद पडतोय असं दिसलं तर पडद्यावरचा व्होल्टेज बघा. गल्लीत सोलर जास्त आणि वापर कमी असला की लाइनचा व्होल्टेज चढतो आणि मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर माघार घेतो. ती तक्रार सोलरवाल्याकडे नेऊन उपयोग नाही. फोटोसकट विभागाच्या कार्यालयात द्या आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, तपासायला सांगा.